तापीचं पाणी बघून

अरविंद महाजन तीस वर्षं खकनारच्या तहसील कचेरीत बाबू होते, पण शनवाऱ्यात, त्यांच्या राहत्या पेठेत, लोक त्यांना ओळखायचे ते गळाच्या नादामुळे. रविवारी सकाळी मासे धरायला निघालेला माणूस आधी त्यांच्या दारात थांबायचा आणि विचारायचा, आज गळाला काय लावू? तापीचं पाणी कसं आहे, एवढंच ते उलट विचारत. गढूळ असेल तर गांडूळ, कारण तेव्हा मासा वासावर येतो. नितळ असेल तर पत्र्याचा चकचकीत चमचा, कारण तेव्हा मासा चमक बघून येतो. रोहूला कणकेची गोळी. आणि मरळ हवी असेल तर जिवंत मासोळी, पाठीच्या कातडीत हलक्या हाताने अडकवलेली, म्हणजे ती पोहत राहते. त्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे.

त्यांच्या बायकोला, शारदाबाईंना, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं माहेर माळकरी. गांडुळांचा डबा त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. अरविंद पकडलेले मासे बाहेरच्या बाहेर कुणाला तरी देऊन टाकत, अंगणातल्या मोरीवर आंघोळ करत आणि मगच घरात येत. पस्तीस वर्षं असं चाललं, आणि दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांत अरविंद विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग बाजारातून घरी यायची वाट, मग गौरवचं, पोटच्या पोराचं नाव. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार मागे फिरणारा नाही. पण ज्यात त्यांचा जीव रमायचा, ते त्यांच्यासमोर आणत राहा. गौरव इंदूरलाच नोकरीला होता. त्याने ऑनलाइन गळाला लावायचे रबरी बेडूक आणि प्लास्टिकचे रंगीत मासे मागवून घरी पाठवले. अरविंदनी ते खेळण्यांसारखे उलटसुलट करून पाहिले आणि टीव्हीजवळ ठेवून दिले.

तेव्हा शारदाबाई गजाननकडे गेल्या. तो पावरलूमवर कामाला होता आणि वीस वर्षं अरविंदच्या शेजारी बसून मासे धरत आला होता. गळाला काय आणि कसं लावायचं ते मला शिकव, असं त्या म्हणाल्या. गजानन आधी हसला, पण त्यांचा चेहरा पाहून तयार झाला. दोन दुपारी त्याने त्यांना शिकवलं. पहिलं गांडूळ बोटाला वेटोळं घालून बसलं तेव्हाही त्यांनी हात झटकला नाही.

कार्तिकातल्या एका रविवारी तिघं रिक्षाने तापीच्या राजघाटावर गेले. शारदाबाईंनी पायरीवर ताट मांडलं. त्यात ओल्या मातीत गांडुळं, पेल्यात दोन जिवंत मासोळ्या, कणकेच्या गोळ्या आणि पत्र्याचा तो चमचा. खाली पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं.

"बोला भाऊ," गजानन म्हणाला, "आज काय लावू?"

अरविंद बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग त्यांचा हात पुढे आला, मासोळ्यांवरून गेला, चमच्यावर थबकला आणि त्यांनी कणकेची गोळी उचलली. गजाननचा चेहरा खुलला. रोहू धरायचा विचार दिसतो, असं तो म्हणतो आहे तोवर अरविंदनी ती गोळी तोंडात टाकली आणि चावायला लागले.

गजानन नदीपलीकडे बघू लागला. शारदाबाईंनी नवऱ्याच्या तोंडात बोट घालून कच्ची कणीक काढली, जशी गौरवच्या लहानपणी त्याच्या तोंडातली माती काढायच्या तशी. मग त्यांना चूळ भरायला लावली.

"चला भाभी, घरी जाऊ," गजानन हळूच म्हणाला.

"कशाला? आलोच आहोत तर बसू."

शारदाबाईंनी पेल्यात हात घालून मासोळी धरली आणि स्वतःच गळाला लावली. गजाननने गळ टाकला. काही लागलं नाही. पण अरविंद दोन तास पाण्याकडे बघत बसले. घरात येरझाऱ्या घालणारा माणूस तिथे शांत होता. म्हणून मग दर रविवारी जायचंच, असं ठरून गेलं. महिनाभरात पाणी पाहून काय लावायचं ते शारदाबाई गजाननच्या आधी सांगू लागल्या.

पौषात एकदा त्या घाटाच्या पायरीवर गळासाठी कणीक मळत बसल्या होत्या. अरविंद त्यांच्याकडे वळले आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही शनवाऱ्याकडच्या का?"

शारदाबाईंचा हात थांबला. "हो," त्या म्हणाल्या.

"मग जाताना आमच्या घरी निरोप द्याल? मला उशीर होईल म्हणावं. तिला सांगा, जेवून घे. नाहीतर ती थांबून राहते."

"सांगते," शारदाबाई म्हणाल्या. "अजून काही सांगू का?"

अरविंदनी विचार केला. "नाही. तेवढंच."

ते पुन्हा पाण्याकडे बघू लागले. शारदाबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि हाताची कणीक निघून गेली तरी बराच वेळ हात धूत राहिल्या.