आतून शिवलेली पिशवी

रावजीने गवत कापायच्या यंत्राची मागची पिशवी काढून ठेवली आणि दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, आणि कापलेलं गवत यंत्राच्या तोंडातून भसाभसा बाहेर उडालं. पिशवी लावून पाहिलं, तर दहा पावलांत तोंड हिरव्या चोथ्याने गच्च. त्याने इंजिन बंद केलं, प्लगची वायर काढली आणि मगच आत हात घातला. तीस वर्षं आंबेवाल्यांचे फवारणीपंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोष सापडायला वेळ लागला नाही. सापडला नसता तर बरं झालं असतं, असं मात्र त्याला वाटलं.

पिशवी जाळीच्या कापडाची होती. आतून कोणीतरी तिला चारी बाजूंनी रेक्झिन शिवलं होतं, दुहेरी टीप मारून. पात्याच्या वाऱ्यानेच गवत पिशवीत जातं. वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसली, की ते तोंडाशीच अडकतं.

मालिनीवहिनी चहा घेऊन पायरीवर आल्या. शिवण कशी झालीय, त्यांनी हौसेने विचारलं. मे महिन्यात जाळी विरली, तेव्हा स्कूटरच्या सीटचं उरलेलं रेक्झिन त्यांनी घरच्या मशीनवर शिवलं होतं. त्यांच्या यजमानांनी, आप्पांनी, कोण कौतुक केलं होतं, आता ही जन्मात फाटायची नाही म्हणून. जांभ्या खडकावर माती ओतून लॉन करणारे आळीत ते एकटेच. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. यंत्र का अडतं ते त्यांना कुठून कळणार? गवत ओलं आहे म्हणत ते दर वेळी हाताने उपसत राहिले. जुलैत एकदा इंजिन चालू असतानाच हात आत गेला. तीन बोटं तुटली. त्यात मधुमेह, जखम चिघळली आणि महिन्याभरात आप्पा गेले.

"रविवारी मुकुल येतोय पुण्याहून. आता मी कापतो म्हणाला," वहिनी म्हणाल्या. "नक्की बिघडलंय काय, रावजी?"

रावजीने पिशवीतल्या दुहेरी टिपेवरून बोट फिरवलं. खरं सांगावं, तर ही बाई मरेपर्यंत त्या टिपा उसवत बसेल. गप्प राहावं, तर रविवारी तिच्या मुलाचा हात त्या तोंडात जाईल.

"मशीन बरं हाय, वैनी. चूक माजी," तो म्हणाला. "गवत अडाकलं की हातानं काढा, आसं मीच बोललो होतो आप्पांना."

आप्पा त्याच्याकडे कधी आलेच नव्हते. पण वहिनींना ते खरं वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला तरी बोलावू."

जाताना रावजीने पिशवी उचलली. जाळीची नवी शिवून आणतो म्हणाला. वहिनींनी तिचं दुसरं टोक घट्ट धरलं. ही पिशवी आप्पांना आवडायची, ती कुठे जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. तेव्हा रावजीने खिशातला चाकू काढला आणि वरपासून खालपर्यंत रेक्झिन चिरलं. मग पिशवी सोडून दिली आणि तो फाटकाकडे चालू लागला. शिव्या खायची त्याची तयारी होती.

वहिनींनी शिव्या दिल्या नाहीत. त्या मटकन खाली बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन चिरेच्या दोन्ही कडा त्यांनी जुळवून पाहिल्या, अगदी नीट.

"शिवता येईल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रेक्झिन उरलंय अजून."

रावजी फाटकाशी थांबला. मग परत आला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.