खंजिरी वाजेना

लोहाऱ्यात गाडीला साउंड बसवणारी चार दुकानं आहेत. त्यातल्या तिघांनी माझ्या मते भाजलेल्या शेंगा विकाव्यात. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे, त्यामुळे आमचं एकमेकांशी पटत नाही. पण त्यांच्याकडून गाडीची वाट लावून घेतलेलं गिऱ्हाईक शेवटी माझ्याच दारात येतं, हेही तितकंच खरं.

माझं नाव राजपाल. गिऱ्हाइकं मला मिस्त्री म्हणतात. एकोणीस वर्षं हेच काम करतोय. तारा ओढायला कुणीही शिकतो. बॅटरीपासून येणारी जाड लाल तार गाडीच्या डाव्या अंगाने न्यायची आणि आवाजाच्या बारीक तारा उजव्या अंगाने, एवढं कळलं की अर्धं काम झालं. दोन्ही एकाच बाजूने कोंबल्या तर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकर शिट्टी मारतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. काचा बंद करून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे आणि आवाज जुळवायचा. हल्लीची पोरं मोबाईलवर ॲप उघडून रंगीत रेघा बघतात. आवाज ही काय बघायची गोष्ट आहे?

प्रत्येक फिटरचं आवाज तपासायचं एक ठरलेलं गाणं असतं. माझ्याकडे दादांची गायन पार्टी आहे. दादा म्हणजे माझे वडील, गुलाब. तरुणपणी ते जयंतीच्या कार्यक्रमांतून खंजिरी वाजवायचे. तशा एका कार्यक्रमाची कॅसेट होती, ती मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. रेकॉर्डिंग तसं भिकारच आहे, मागे माणसं खोकतात, कुणीतरी लेकराला दटावतं. पण दुसऱ्या कडव्यानंतर गाणारा दम घ्यायला थांबतो आणि तेवढ्यात दादा एकटेच खंजिरी हलवतात, अगदी हलकी. त्या पितळी चकत्यांचा आवाज एकेक, सुटा सुटा कानावर आला की काम झालं. आला नाही की दरवाजाची पॅडं पुन्हा उघडायची. गिऱ्हाईक यायच्या आधी मी पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवतो, कारण ती गाणी ऐकून काहींची तोंडं वाकडी होतात. आणि त्यांचं वाकडं तोंड बघून माझं डोकं फिरतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला दिग्विजयची गाडी आली. काळी, नवीकोरी, सात सीटची. दिग्विजय जवळच्याच गावचा, ऊस भरपूर, वय अठ्ठावीस, आणि जराही धीर नसल्यासारखा सतत घाईत. म्हणाला, "मिस्त्री, रविवारी अणदूरला खंडोबाला जायचंय, समदे दोस्त येनारेत. त्याच्या आत पाहिजे. आन वाजली पाहिजे!"

"वाजंल," म्हणालो. "पर वाजणं आन आवाज यात फरक असतो."

"तुमच्या कानावर सोडलं," म्हणाला, आणि चावी फेकून गेला.

चार दिवस मन लावून काम केलं. डिकीत अँप्लिफायर आणि जाड आवाजाचे दोन वूफर, चारही दरवाज्यांत स्पीकर, आणि वर आरशाजवळच्या कोपऱ्यांत ट्विटर. ट्विटर म्हणजे बारीक आवाजाचे ते छोटे स्पीकर. डिकीतला रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि तिथं अर्थिंगचा बोल्ट आवळला. शनिवारी दुपारी काचा बंद केल्या, पेनड्राइव्ह लावला, डोळे मिटले.

ढोलकी छातीत बसली. गाणाऱ्याचा आवाज समोर, काचेच्या मध्यावर, जिथं हवा तिथं. दुसरं कडवं संपलं. गाणारा थांबला.

काहीच नाही.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा काहीच नाही. नुसती पोकळी, आणि मग पुढचं कडवं. म्हटलं ट्विटर मेला. हात लावून बघितला तर पडदा थरथरत होता. मग त्याचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. अगदी शेवटाला नेल्यावर कुठंतरी लांब, भिंतीपलीकडं असावं तसं काहीतरी खुसपुसलं. दारात दिग्विजय दोस्ताच्या गाडीचा हॉर्न वाजवत उभाच होता. तसंच सेटिंग ठेवून गाडी दिली. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा केलं.

मंगळवारी तो परत आला. त्याची बायको निकिता पुढच्या सीटवर होती, पण खाली उतरली नाही.

"मिस्त्री, काय केलंय हे? कानात सुई टोचल्यागत व्हतंय. अणदूरपतूर कुणी बसंना गाडीत. हिनं तर कानात बोटं घातली व्हती."

"ट्विटर खराब लागलेत," मी म्हणालो. "बदलून देतो. दोन दिवस द्या."

खोटं बोललो नव्हतो. माझा खरंच तसा समज होता. मी ट्विटर बदलले. खंजिरी नाही. म्हटलं अँप्लिफायरच फसवा निघाला, तो बदलला. नाही. मग तारांवर आलो. गालिचा उचलला, सीट काढल्या, डॅशबोर्ड मोकळा केला आणि मीच ओढलेली एकेक तार बाहेर काढून नवी टाकली. कुठं उलटी जोडली असेल म्हणून प्रत्येक टोक मीटरने तपासलं. कुठंही चूक नव्हती, आणि त्यामुळे मी जास्तच चिडत होतो. नवीकोरी गाडी दारात हाडं मोकळी करून पडली होती. येणारे जाणारे बघत होते, आणि त्या तीन दुकानांतला एकजण तर चहाचा कप हातात घेऊन निवांत उभा राहून गेला.

दादा दुकानाबाहेर पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले असतात. वय त्र्याहत्तर. चौथ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गाणं लावलं, दरवाजा उघडाच होता. ते बाहेरून म्हणाले, "वाजतीय की रं."

"काय वाजतीय?"

"खंजिरी. चांगली वाजतीय."

माझं टाळकं सटकलं. "दादा, तुमची खंजिरी तुमाला झोपंतबी ऐकू येती. इथं माझा जीव चाललाय. गप बसा तुमी!"

दादा काठी उचलून हळूहळू घराकडे गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघितलंसुद्धा नाही. आता त्याची लाज वाटते.

घर दुकानाच्या मागेच आहे. बायको रोहिणी तिथं शिलाईचं काम करते. चार वाजता ती चहा घेऊन आली, तेव्हा मी काचा बंद करून गाडीत बसलो होतो. तिने दरवाजा उघडला, चहा पुढे केला आणि तोंड कसनुसं केलं.

"बंद करा की ती खंजिरी. डोकं उठलं सकाळधरनं."

मी चहा घेतला नाही. "कुठली खंजिरी?"

"दादांची. दुसरी कुठली?"

"आत्ता वाजतीय?"

"अहो, कानाशी वाजतीय! पार घरात ऐकू येतीय, माझ्या मशिनीच्या आवाजात. आसं काय करताय?"

मी मागे घेऊन तोच तुकडा लावला. म्हटलं, वाजली की हात वर कर. गाणारा थांबला आणि रोहिणीने हात वर केला. मी तिच्या हाताकडे बघत होतो. गाडीत मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. तिने हात खाली घेतला, मग गाणं सुरू झालं.

गाडीत काही बिघडलेलं नव्हतं. शनिवारीही नव्हतं. मी चार दिवस एका धडधाकट गाडीची आतडी बाहेर काढत बसलो होतो, आणि बिघाड माझ्या खांद्यावरच्या डोक्यात होता. दादांचं वय त्र्याहत्तर, माझं बेचाळीस. त्यांना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने सोलापूरला गेलो. बाजारात सांगितलं, सामान आणायला चाललोय. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, म्हणाले. सुरुवातीला मी दाबत होतो. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडची मुलगी मात्र माझ्या बोटाकडे बघत थांबली होती, तेव्हा कळलं की मशीन चालूच आहे.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बंद काचांत रोज एवढा मोठा आवाज. आतली नस गेली आहे. गेलेलं परत येत नाही. आणि असंच चालू ठेवलं तर राहिलेलंही जाईल."

"कानाला मशीन लावलं तर?"

"बोलणं नीट कळेल."

बोलणं मला तसंही कळत होतं. मला चकत्या हव्या होत्या. ते त्यांना कसं सांगायचं, मला सुचलं नाही.

परतताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसलो आणि रडलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कुणी गेलं का. मी हो म्हणालो.

घरी आल्यावर रोहिणीला सगळं सांगितलं. दादांना सांगितलं नाही. त्यांना आपल्या पोराच्या कानाचं फार कौतुक. गावात कुणीही भेटलं की सांगतात, माझा हात याच्या कानात उतरलाय. ते ऐकायला मला आवडायचं.

गाडी तर द्यायची होती. सगळं पुन्हा बसवलं. तारा जोडायला कान लागत नाही, डोळे आणि हात पुरतात. शेवटी रोहिणीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी डिकीत अँप्लिफायरजवळ पेचकस घेऊन गुडघ्यावर बसलो. काचा बंद, बाहेर ऊन. ती पदर आवरून, गिऱ्हाइकाच्या गाडीत बसल्यासारखी अवघडून बसली होती.

"आता?"

"लई हाय. कमी करा."

"आता?"

"आजून."

"चकत्या सुट्या येत्यात का? का एकात एक मिसळत्यात?"

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "सुट्या येत्यात."

"डाव्या अंगाला जास्त हाय का उजव्या?"

"उजव्या. थोडी."

मी केसभर फिरवलं. "आता?"

"आता बरोबर हाय."

तासभर चाललं असेल. ती म्हणेल तसं मी करत गेलो. मनात म्हटलं, ठीक आहे, कान माझा नाही तर नाही, घरातच आहे की. हिला शिकवू. चकती कशी ऐकायची, गाणाऱ्याचा श्वास कुठं पकडायचा, सगळं शिकवू. त्या तासात मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं.

दिग्विजय संध्याकाळी आला. सीटवर बसला, आपलं गाणं लावलं, डोळे मिटले. मी बाहेर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. गाणं संपल्यावर त्याने डोळे उघडले.

"मिस्त्री, तुमच्या कानाला तोड न्हाय. काय आवाज जुळवलाय! म्या समद्यास्नी सांगनार, काम करायचं तर हितंच."

तो गेला आणि मी शटर अर्ध्यावर ओढून आत आलो. रोहिणी डिकीतून निघालेले तारांचे तुकडे गोळा करत होती.

"ऐकलंस का?" मी म्हणालो. "ते समदं तुझ्या कानाचं काम हाय. आता परत्येक गाडीला तू बसायचं. म्या शिकिवतो तुला."

ती तुकडे पिशवीत भरत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "रागावू नका. मला त्यातलं काय कळतंय? कान दुखायचा थांबला तवा म्या म्हणाले, कमी झालं."

"आन डावं-उजवं? आन सुट्या चकत्या?"

"तुमी इचारत व्हता म्हणून सांगत व्हते काहीबाही. मला समदं सारखंच ऐकू येत व्हतं. तुमचं तोंड बघवंना, म्हणून शेवटी म्हणाले, बरोबर हाय."

मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडायला काही उरलंच नव्हतं. दिग्विजय डोळे मिटून जे ऐकत होता आणि ज्याच्यासाठी माझ्या कानाची तारीफ करत होता, ते रोहिणीने मला समजवायला अंदाजाने ठोकून दिलेलं होतं. त्याला फरक कळला नव्हता. म्हणजे आधीही कधी कळला नसणार. एकोणीस वर्षं गाडीगणिक तास दोन तास मी बंद काचांत बसलो, पुन्हा पुन्हा पॅडं उघडली, आणि ज्या कामात कान घालवला ते काम कुणी ऐकतच नव्हतं. मला एकट्यालाच ऐकू येत होतं, आणि आता मलाही नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी, हातात पेचकस घेऊन, मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीच केलं नाही.

चौथ्या दिवशी दिग्विजयने पाठवलेलं गिऱ्हाईक पार परंड्याहून आलं. पांढरी, मोठी गाडी. मालक उतरता उतरताच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या कानाचं लई नाव ऐकलंय. नुसतं कानानं जुळवता म्हणं?"

बाहेर खुर्चीवर दादा बसले होते. माझ्याआधी तेच बोलले, "व्हय. कान हाय त्याला."

मी गाडी आत घ्यायला सांगितली.