समिती येणार म्हणून

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. आमच्या मलनिस्सारण मंडळात रडायचं खातं माझ्याकडे आहे. कागदोपत्री मी संपर्क अधिकारी. प्रत्यक्षात सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, निवेदनं द्यायची आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या आमच्या प्लांटसाठी पैसे मागायचे. पूल मागायला आलेल्याला खुर्ची मिळते, दवाखाना मागणाऱ्याला चहा. मी 'मैलापाणी' एवढं म्हटलं की समोरचा हातातला कप खाली ठेवतो. रोज सकाळी दाराला कडी लावून आम्हाला माल पाठवणारी माणसं ही, पण आव असा की जन्मात कधी जेवलीच नाहीत.

तो प्लांट चालवायचा माझा सख्खा थोरला भाऊ. दादा तिथे हेल्पर म्हणून लागला आणि चढत चढत प्रमुख झाला. टाक्यांमध्ये हवा सोडणारी यंत्रं त्याच्या लग्नाच्याही आधीची. निम्मी बंद पडलेली, उरलेली दादाच्या धाकानं चालणारी. वहिनी म्हणायची, "मला ताप आला तर हे गोळी ठेवून कामावर जातात. पंप तापला की त्याच्या उशाशी बसून राहतात."

माझ्या निवेदनात मागण्या दोन होत्या. नदीत सोडायच्या पाण्याचे निकष कडक करा, आणि ते पाळता यावेत म्हणून नव्या यंत्रांना निधी द्या. दोन्ही एकदमच करा, असं मी प्रत्येक टेबलावर घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. सरकारनं पहिली मागणी चटकन मान्य केली, कारण तिला दमडी लागत नव्हती. नवा कायदा आला. यापुढे घाण पाणी नदीत गेलं, तर खटला मंडळावर नाही, प्लांटच्या प्रमुखावर. म्हणजे दादावर. आणि निधी? तो समिती प्लांट पाहून ठरवणार होती.

समिती येणार हे कळलं तशी मी दादाच्या घरी गेले. तो जेवत होता.

"दादा, कान देऊन ऐक. ते लोक येतील तेव्हा कशालाही हात लावायचा नाही. फेस, गाळ, वास, सगळं आहे तसं दिसलं पाहिजे."

"म्हणजे पाहुणे येणार आणि घर आवरायचं नाही?"

"पाहुणे नाहीत रे ते. डॉक्टर समज. डॉक्टरकडे कोणी पावडर लावून जातं का?"

"तुझी वहिनी जाते."

वहिनीनं हातातलं फडकं त्याच्या पाठीत मारलं. मलाही हसू आलं, पण मी ते गिळलं. "गंमत नाहीये ही. पैसे आले नाहीत, तर ती यंत्रं एक दिवस मान टाकणार आणि तुरुंगात तू जाणार."

"बरं, वकिलीणबाई," दादा म्हणाला. "नाही लावत हात."

समितीला मीच बसमधून घेऊन गेले. तोंडावर बांधायच्या पट्ट्या मुद्दाम दिल्या नाहीत. येऊ दे म्हटलं जरा वास त्या नाकांना. फाटकाशी बसचं दार उघडलं. वासच नव्हता. रस्त्याच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवलेले, पायऱ्यांवर कुंड्या, कठडे पुसलेले. टाक्यांमधलं पाणी इतकं नितळ, की त्यात आभाळ दिसत होतं. दादा धुतलेल्या गणवेशात, भांग पाडून उभा.

"किती छान ठेवलंय हो!" समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्हाला तर कायकाय ऐकवलं होतं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळाचे मोठे साहेब शेजारीच होते. स्वतःच्या हातांनी फरशी पुसल्यासारखे फुलले होते ते.

मी दादाला पंपघरामागे ओढलं. "काय केलंस हे?"

"साहेबांचा फोन आला काल. म्हणाले, वास आला तर मंडळाची अब्रू जाईल. नेहमीचं करा."

"नेहमीचं म्हणजे?"

मोठं कोणी येणार असलं की आदल्या दिवशी हे लोक बायपासचं दार उघडायचे. मग शहराची घाण प्लांटमध्ये शिरायचीच नाही, परभारे नदीत जायची. टाक्यांमधलं पाणी तोवर निवळायचं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मुख्य कचेरीत बसणाऱ्या मला याचा पत्ता नव्हता. पूर्वी त्यावरून कोणी कोणाला विचारलंही नसतं. आता कायदा होता, आणि तो मी मागून घेतलेला होता.

"बंद कर आधी ते दार!"

"आत्ता केलं तर इथेच वास सुटेल. ते गेले की करतो."

"दादा, तुला सांगितलं होतं मी! तू हो म्हणाला होतास!"

तो स्वतःच्या तळव्याकडे बघत म्हणाला, "बाईंनी हात मिळवला माझ्याशी. पाहिलंस का? स्वतःहून."

त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली मला, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. समितीला चहा द्यायचा होता.

नदीनं वाट पाहिली नाही. खालच्या गावात मासे उलटे होऊन काठाला लागले, नळाचं पाणी नाकाशी नेववेना, आणि फोटो घरोघरी पोचले. त्याच आठवड्यात समितीचा अहवाल आला. प्लांटची देखभाल उत्तम असल्यानं नव्या यंत्रांची निकड दिसत नाही. निधी गेला दुसऱ्या एका शहराला. तिथल्या लोकांनी आपला प्लांट केव्हाच गंजू दिला होता आणि शहाण्यांनी समितीला तो तसाच दाखवला.

चौकशीत साहेब म्हणाले, "फोन केला होता, नाही कशाला म्हणू? पण मी फक्त स्वच्छता ठेवा एवढंच सांगितलं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण माझा दादा संन्यासीही नव्हता. दाराचं चाक त्यानंच फिरवलं होतं. म्हणून तर मला भांडताही येईना.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "वर्तमानपत्रांना निवेदन द्यायचंय. तुम्ही लिहा. तुमचं नातं आहे, कल्पना आहे मला. नको असेल तर दुसऱ्याला सांगतो. तो मात्र दारू प्यायला होता वगैरे काहीही घालेल, मग मला बोलायचं नाही."

मी दादाकडे गेले. भरदुपारी तो घरी होता. आमच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. वहिनी खटल्याला वकील शोधायला गेली होती. मी साहेबांचं बोलणं सांगितलं.

"तूच लिही," तो म्हणाला. "दुसरा कोणी नको. फक्त एक कर. प्लांट घाण होता, असं कुठे येऊ देऊ नकोस."

"दादा, घाण दिसला असता तर आज तू सुटला असतास रे!" मी ओरडले आणि रडले. पैशांसाठी इतकी वर्षं रडले, पण ते खरं रडणं नव्हतं.

"ते झालं," तो म्हणाला. "पण घाण नव्हता."

कचेरीत येऊन मी लिहायला बसले. पाण्याच्या गुणवत्तेबाबत मंडळ कोणतीही तडजोड करणार नाही. प्लांटची देखभाल उत्तम असल्याचं समितीनंही नमूद केलं आहे. घडलेला प्रकार एका व्यक्तीच्या चुकीमुळे झाला असून संबंधित कर्मचाऱ्याला निलंबित करण्यात आलं आहे. बोलायला शिकले तेव्हापासून ज्याला दादा म्हणत आले, त्याला मी तिथे 'संबंधित कर्मचारी' लिहिलं.

साहेबांनी कागद वाचला. एकही शब्द बदलला नाही.

"छान झालंय," म्हणाले.