उतरता खांदा

"आई, हा फर्मा चुकलाय," सून पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ज्या पुठ्ठ्यांवरून कापड बेततात ते फर्मे या कारखान्यात सगळे त्यांच्या हातचे. त्यात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. आणि आता ते कॉम्प्युटरात भरायला बसलेली घरचीच सून, नोकरीत अजून पुरती रुळली नाही तोवर त्यांना शिकवत होती.

"काय चुकलंय?"

"डावा खांदा उतरलाय. अर्धं बोट तरी."

"मग? खांदा आहे, दाराची चौकट नाही."

"अहो, या कॉम्प्युटरला अर्धंच अंग द्यायचं असतं. उजवी बाजू दिली की डावी तो स्वतःच काढतो."

"मधोमध दुमडून माणूस जन्माला येतं होय गं?"

सुनेला हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर दोन्ही बाजू वेगळ्या भरते. साहेब बोलले तर बोलले."

मास्तरीणबाईंनी पुठ्ठ्याच्या डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. हा त्यांचा पहिला फर्मा, धाकट्या बहिणीच्या अंगावर बेतलेला. लहानपणी दोघी पाण्याला जात, तेव्हा धाकटीचा उजवा हात थोरलीच्या हातात, म्हणून बादली कायम डावीकडे. खांदा उतरला तो उतरलाच. "ताई, सरळ बेत ना, लोक हसतील," ती म्हणाली होती. ताईने ऐकलं नाही. जसं अंग तसा कपडा. पुढे धाकटी तापात गेली. मागे एक फोटोसुद्धा नाही. पण इतकी वर्षं परक्या बायका तिचा खांदा घालून हिंडल्या, आणि कुणी हसलं नाही.

साहेब बोलणार होते ते मात्र सुनेला.

"सरळ कर."

"नक्की?"

"तिचंही तेच म्हणणं होतं."

"कुणाचं?"

"तू तुझं काम कर."

बटण दाबलं गेलं. पडद्यावर डावा खांदा उजव्याच्या बरोबरीला आला. मास्तरीणबाईंनी निरखून पाहिलं.

"छान दिसतोय," त्या म्हणाल्या. "कुणाचाच नसल्यासारखा."

भरून झालेले पुठ्ठे रद्दीच्या पोत्यात जात होते. सुटी झाल्यावर त्यांनी त्यातून तो एक ओढून काढला.

"द्या आई, मी घेते," रस्त्यावर सून म्हणाली.

"राहू दे."

पुठ्ठा त्यांनी डाव्या हातात घेतला होता, त्याच्या उजव्या खांद्याला धरून. चालताना तो दुसऱ्या बाजूला जरासा कलत होता.