मुखत्यार भैरोबा, राहणार रहाटणी

कच्चा मसुदा. लिहून देणार : तात्याबा, राहणार रहाटणी. मुखत्यार : भैरोबा, राहणार तिथेच, वेशीबाहेर.

इथं दस्तलेखक उद्धवरावांनी टाक खाली ठेवला.

तात्याबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर पट्टी बांधून पडायचं, आणि त्याच महिन्यात कारखान्याची माणसं विहिरीकडचं शेत मागायला येणार. भाऊ मुरारीला अधिकार दिला, तर शेत दिवस मावळायच्या आत जाईल, हे अख्ख्या रहाटणीला ठाऊक होतं. म्हणून भैरोबा. तात्याबाची प्रत्येक गोष्ट आजवर त्यानंच ठरवली होती.

कलम १. मुखत्यार सही कशी करील?

कौल देऊन, असं तात्याबानं सांगितलं. देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दुष्काळात शेत विकावं का? डावी. मुरारीनं वाटणी मागितली. डावी. मूल नाही म्हणून दुसरं लग्न करावं का? डावी, आणि तीही हात काढताक्षणी.

कलम २. पाकळ्या कोण चिकटवतं?

गुरवाचा हात थरथरतो. तेव्हा वीस वर्षं हीच चिकटवते, म्हणून तात्याबानं शेजारी बोट केलं. तिथं त्याची बायको कुशाबाई पदर सारखा करत बसली होती.

विकलेलं नाही ते शेत, न झालेली वाटणी, न आलेली सवत, सगळं तात्याबानं एकदा मनात फिरवून पाहिलं.

"डावीला पानी कमी लावतीस व्हय गं?"

"देवाच्या मनात असल तेवढंच लावते," कुशाबाई म्हणाली.

~~भैरोबा, राहणार तिथेच, वेशीबाहेर~~ : खोडले.

मुखत्यार : कुशाबाई, भ्रतार तात्याबा, राहणार तिथेच, घरात.

रीत म्हणून उद्धवरावांनी तिला विचारलं, तुम्हाला हे मान्य आहे ना?

"देवाला ईचारून सांगते."

तात्याबानं बोटांनी चाचपत शाईची गादी शोधली आणि कोऱ्या स्टँपपेपरावर अंगठा उठवून टाकला. अजून मजकूर लिहायचाय, असं उद्धवरावांनी त्याला सांगून पाहिलं.

"लिवा की," तात्याबा म्हणाला. "तिला ईचारून लिवा."