निळ्या ठिपक्याची धाव

मित्रांनो, मी एक जुना तुकडा आहे. कधीकाळी मी कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारे अख्खे चाक होतो. दगडाला कसली आलीय भीती, असे तुम्ही म्हणाल. अहो, मी जन्माचा भित्रा! भट्टीत भाजले तेव्हा घाबरलो, खोक्यात कोंबले तेव्हा घाबरलो, आणि पहिल्यांदा मोटारीवर चढवले तेव्हा तर माझी बोबडीच वळली.

कारखान्यात माझ्या कडेला एक निळा ठिपका लावला होता. तो ठिपका म्हणजेच मी, असे समजा. मोटार सुरू झाली की ठिपका गोल फिरे. मध्यापासून त्याचे अंतर कधी बदलत नसे. चालही तीच, ना कमी ना जास्त. पण दिशा? ती क्षणभरही टिकत नसे. ठिपका वर असला की त्याची धाव समोर, दाराकडे. समोर आला की खाली फरशीकडे. खाली गेला की मागच्या भिंतीकडे, आणि मागे गेला की वर छताकडे. मध्यापासून माझ्यापर्यंत रेघ ओढा. माझी धाव नेहमी तिच्याशी काटकोनात. म्हणून चाल एकच असली तरी माझा वेग सारखा बदलत असे, कारण वेगात दिशाही धरावी लागते. ठिणग्या पाहिल्यात ना? कात्री समोर टेकते आणि ठिणग्या तिथून सरळ खाली सुटतात. त्यांना धरणारे कोणी नसते. मला बाकीच्या चाकाने घट्ट धरले होते. आणि नसते धरले तर? तो विचार मी पुढे नेतच नसे.

दुकान एका बापलेकीचे होते. बाबा आता थकले होते. ते दाराजवळ लाकडी खुर्ची टाकून अगदी माझ्यासमोर बसत, कारण तिथे उजेड चांगला. काम लेक करी. शिंपी म्हणत, "ताईंनी धार लावली की कापड आपणहून बाजूला होतं." तिला बाबांनी दोन सवयी लावून दिल्या होत्या. रोज सकाळी चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने वाजवायचे. 'ठण्ण' वाजले तर चाक धड, 'थद्' वाजले तर आत तडा. आणि मोटार सुरू केल्यावर पहिले मिनिटभर बाजूला उभे राहायचे.

एका संध्याकाळी पुसताना मी तिच्या हातून निसटलो आणि फरशीवर आपटलो. तिने मला उलटसुलट करून पाहिले. वरून काही दिसले नाही. पण आत, ठिपक्याच्या शेजारी, केसाएवढा तडा गेला होता. मी स्वतःला समजावले, सकाळी ती वाजवेल, तिला कळेल.

सकाळी सर्दीने तिच्या कानांना दडे बसलेले! तिने मला वाजवले. मी जीव तोडून 'थद्' म्हणालो. तिने पुन्हा वाजवले आणि नाक ओढत हसली. "आज सगळंच बद्द वाजतंय. मगाशी दाराची घंटाही अशीच वाजली. माझेच कान मेले!" असे म्हणून तिने मला मोटारीवर चढवले. शिंप्याची लांब कात्री अडते म्हणून माझ्यावरचे लोखंडी झाकणही काढून ठेवले.

तिने बटण दाबले आणि बाजूला उभी राहिली. ठिपका खाली, पुढे नुसती भिंत. हुश्श. ठिपका वर, पुढे बाबा! पुन्हा भिंत. पुन्हा बाबा! प्रत्येक फेरीला तडा थोडा थोडा सरकत होता आणि मला ओरडताही येत नव्हते. फक्त माझी घरघर बदलली.

बाबांनी मान वर केली. "पोरी, आवाज बदललाय. बंद कर."

लेकीने हसून मान डोलावली. सकाळपासून ती सगळ्यांनाच तशी मान डोलावत होती.

"अगं, बंद कर म्हणतोय ना!"

तिने पुन्हा मान डोलावली. मिनिट संपले, आणि कात्री उचलून ती थेट माझ्यासमोर आली. आता मी वर आलो की पुढे ती, आणि तिच्या मागे तिचे बाबा. मित्रांनो, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"कर्म माझं!" म्हणत बाबा उठले, लगबगीने बाजूने आले आणि ॲप्रनचा बंद धरून त्यांनी तिला खसकन ओढले. "बाबा, हे काय..." ती म्हणते न म्हणते तोच तडा उकलला आणि ठिपक्याचा तुकडा होऊन मी सुटलो.

नेमका वर असताना सुटलो. आयुष्यभर वळत आलेला मी पहिल्यांदा सरळ गेलो, आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीत घुसलो. बसल्यावर बाबांची छाती यायची त्याच उंचीवर.

बटण बंद करून लेक मटकन खाली बसली. "बाबा, मी ऐकलं होतं हो. बद्दच वाजलं होतं. मला वाटलं, माझेच कान..."

बाबा तिच्याजवळ खाली टेकले. "कान बंद होते तर मला विचारायचंस ना गं! मी काय इथे नुसती खुर्ची अडवून बसलोय?"

ती त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली, आणि इतका वेळ रागावलेले बाबाही रडले.

खुर्ची आता बाजूच्या भिंतीशी आहे. पाठीला भोक तसेच आहे. मला मात्र कोणी फेकले नाही. मित्रांनो, यंत्राचा आवाज बदलला तर आपलाच काही तरी भास असेल म्हणून पुढे जाऊ नका. शेजारच्याला विचारा. मी दुसरे काय सांगणार?

रोज सकाळी लेक आधी मला वाजवते. 'थद्'. मग नवे चाक वाजवते आणि बाबांकडे बघते. ते 'ठण्ण' वाजून बाबा "हं" म्हणेपर्यंत ती बटणाला हात लावत नाही, आणि माझ्याही जिवात जीव येत नाही.