शेवटी जोडी जुळली पाहिजे

मी प्रेमकथा लिहिते. फोनवर ऐकायच्या, रोज एक भाग, बारा मिनिटांचा. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात मराठी बोलणारी घरं पुष्कळ आहेत, पण कथा ऐकायच्या त्या हिंदीतच, म्हणून लिहिते हिंदीत. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण हे कथा ऐकवणाऱ्या कंपनीला द्यायचं नाही.

सात वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा जोडी एकच असायची, कोट्यधीश मालक आणि गरीब सेक्रेटरी. मालक ऐंशी भाग तिचा पाणउतारा करायचा आणि शेवटच्या वीस भागांत प्रेम. असले उद्धट पुरुष मी डझनाने पोसले. मग ऐकणाऱ्या बायाच कंटाळल्या. कंपनीने घटस्फोटित बाई आणि तिच्याहून लहान पोरगा मागवला, मग साठीतले दोघं, मग जातीबाहेरची लग्नं, मग दोन मुली. दोन मुलींची कथा संपली तेव्हा जवळच्या लालबर्ऱ्याहून एका बाईचा निरोप आला. आम्ही दोघी चौदा वर्षं शिलाईचं दुकान चालवतो, आमच्यासारख्यांना शेवटपर्यंत जगू देणारी तुम्हीच पहिली, असं तिने लिहिलं होतं. तो निरोप मी किती वेळा वाचला, विचारू नका. ज्याला कुणी नाही त्याला निदान कथेत तरी कुणी मिळावं, एवढंच माझं धोरण. कंपनीचा नियमही एकच आहे. जोडी कसलीही असो, शेवटी जुळली पाहिजे.

गेल्या डिसेंबरात नवी मागणी आली, एक जिवंत आणि एक मेलेला. मला हसू आलं. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. बाबा, म्हणजे भैयालाल, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत तीस वर्षं डंपर चालवून निवृत्त झाले. विहारात बोलायला उभे राहिले की अंगात येणाऱ्यांची सालटी काढायचे. माझी माय शेवंताबाई दीड वर्षापूर्वी तापाने गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा ती बेशुद्ध होती, ती पुन्हा बोललीच नाही. तेव्हापासून बाबा चार घासांवर आले होते.

कथेत मी त्या दोघांचं काहीएक घेतलं नाही, हे शपथेवर सांगते. माझा नायक रेल्वेतला गँगमन होता आणि बायको कमला. ती मेल्यावरही रोज दुपारी बारा वाजता नवऱ्यासोबत जेवायला येते, एवढीच कल्पना. शेजारच्या विमलाबाईंनी बाबांना ती ऐकवली. चौथ्या दिवशी दुपारी बघते तर बाबांनी दोन ताटं वाढलेली, मध्ये फोन ठेवलेला आणि भाग सुरू. त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या ताटातलाही भात कमी झाला होता, तोही त्यांनीच खाल्ला असेल असं मी धरून चालले. मला बरंच वाटलं.

कमलाला मी एक सवय दिली. पहिल्या घासाचा भात चिमटीत दाबून ती त्याची गोळी ताटाच्या कडेला ठेवते आणि मग जेवते. माझी माय असं कधी करत नव्हती, ती उभ्या-उभ्या जेवून ताट चाटूनपुसून ठेवायची. हा भाग मी सकाळी लिहिला, कंपनीला पाठवलाही नव्हता. दुपारी ताटं उचलायला गेले तर दुसऱ्या ताटाच्या कडेला भाताची गोळी होती. तिच्यावर तीन बोटांचे ठसे होते, बारीक. बाबांची बोटं नट आवळायच्या पान्यासारखी जाड आहेत.

बाबांना विचारलं तर ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

"तुले मालूम नसन. नवी नवी होती तवा चिमणीसाठी काढत होती ती. तू झाल्यावर तिले बसून जेवाले टाइमच कुठं भेटला?"

म्हणजे मी जे मनाने रचलं होतं, ते आधीच घडून गेलं होतं. त्या दिवसापासून लिहिताना मला भीती वाटायला लागली. मी कमलाला बांगड्या दिल्या की स्वयंपाकघरात किणकिण व्हायची. मी लिहिलं की ती दारात थबकली, तर भर दुपारी आमच्या उंबऱ्यापाशी गारवा जाणवायचा आणि बाबा सरकून जागा करून द्यायचे. वाईट काहीच घडत नव्हतं, तरी बाबा जेवतात त्या खोलीकडे मी पाठ करून बसेनाशी झाले.

बाबांचा चेहरा भरला, पण ते घराबाहेर पडेनासे झाले. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी महिनाभर तशीच पडलेली सापडली. मी रागावले तर म्हणाले, आता काय गरज. मग एक दिवस त्यांनी विहारात घालायचे पांढरे कपडे इस्त्री करून आणले आणि खुंटीला लावले. कशासाठी, म्हणून विचारलं.

"शेवटच्या भागाले घालीन. शेवटी भेटतेत ना दोघं?"

जिवंत आणि मेलेल्याची जोडी जुळायची तर ती एकाच रीतीने जुळते, हे मला तेव्हा कळलं. मी तसं लिहिलं तर बाबा जातील, हसत जातील.

मग मी कथा ताणली. गँगमनचा पुतण्या आणला, हरवलेली अंगठी आणली, एक कोर्टकेसही घुसवली. ऐकणारे वैतागले. बाबाही म्हणाले, "पोरी, काहून लांबवून राह्यली?" कंपनीने शेवटी सांगितलं, मंगळवारी संपवा, नाहीतर दुसऱ्याकडून संपवून घेऊ. दुसऱ्याने जोडी जुळवलीच असती. म्हणून शेवटचा भाग मीच लिहिला आणि सात वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. कमला येते, नवऱ्याला सांगते की आता मी येणार नाही, तुम्ही जगा, आणि जाते. कंपनीतल्या कुणी तो नीट वाचलाही नसावा.

मंगळवारी बाबा पांढरे कपडे घालून ताटापाशी बसले. मी दारात उभी होते, त्यांना धरायला. भाग सुरू झाला. कमलाला आवाज देणारी मुलगी इंदूरची, तिला मराठीचं अक्षर येत नाही. मी लिहिलेले शब्द हिंदी होते. फोनमधून आलं ते असं:

"आता मी नाही येत. तुमी बीपीच्या गोया घेत जा. पोरीवर रागवू नोका."

आवाज मायचा होता. मी नंतर तो भाग कितीदा तरी ऐकला, सगळा हिंदीच आहे. पण त्या वेळी तो आम्ही दोघांनीही ऐकला. उंबऱ्याचा गारवा माझ्या पायांवरून बाहेर गेला आणि खोलीत दुपारचं ऊन तेवढं उरलं. दुसऱ्या ताटातला भात शिताला शीत तसाच होता.

बाबा त्या ताटाकडेच बघत होते. मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

"पहिल्या खेपेले ती मले सांगून नाही गेली, पोरी. म्हणून मी वाट पाहू शकत होतो. आता तुनं तिच्याच तोंडून सांगवलं."

ते रागावून बोलले नाहीत. मग उठले, पट्टीतली एक गोळी काढून पाण्याबरोबर घेतली आणि कपडे बदलायला गेले. आता न चुकता घेतात. परवा डॉक्टरांनी तपासलं आणि माझं अभिनंदन केलं, म्हणाले, तब्येत एकदम ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं सहज काढतील.